चढणारं तेल, उतरणारं तेल

गाडीचं तेल कमी होतं हे कुणालाही पटेल. गाडी म्हातारी झाली की कुठून ना कुठून गळायचीच. पण तेल वाढतं, असं कुणी ऐकलंय? जावयाच्या ट्रकचं वाढत होतं.

रोज सकाळी तो बॉनेट उघडायचा, इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा आत घालायचा आणि बाहेर काढून बघायचा, तर तेल वरच्या खुणेच्याही वर. मग इंजिन सुरू करून गरम होऊ द्यायचा आणि गिअरबॉक्सची डिपस्टिक काढायचा, तर तिथलं लाल तेल खालच्या खुणेच्याही खाली. ट्रकचे गिअर ऑटोमॅटिक होते. असल्या गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवूनच मोजायचं, हे विकणाऱ्याने त्याला दहादा बजावलं होतं. तेव्हा जावई मुकाट्याने इंजिनातलं जास्तीचं तेल काढायचा, गिअरबॉक्समध्ये कमी पडलेलं भरायचा आणि कामाला निघायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकून त्याने हा स्वतःचा पहिला ट्रक घेतला होता. महिन्याभरात खोट निघाली तर गाडी परत घेईन, अशी विकणाऱ्याची बोली होती आणि ती मुदत उद्या संपत होती. परत केली, की पुन्हा कुणाच्या तरी दारात किल्ली मागत उभं राहायचं. ठेवली आणि गिअरबॉक्स बसला, तर ट्रकही गेला आणि घरही बसलं. या विचाराने त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

मिस्त्रीने दुपारी गाडी तपासली. तेल बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं.

"तेलात डिझेल उतरत नाहीये, पाणीही नाही. गिअरचं तेल इंजिनात जातंय म्हणावं, तर हे लाल दिसायला हवं. तसंही नाही. तुझ्या तेलाला पाय फुटलेत बाबा. मला कळत नाही, म्हणजे प्रकरण मोठं आहे. देऊन टाक परत."

आपल्याला कळत नाही ते मोठंच असणार, असं मानणारा मिस्त्री होता तो. पण सांगायचं ते हे, की जावयाने जगभर विचारलं आणि घरातच विचारलं नाही. सासऱ्यांनी उभा जन्म ट्रकवर काढला होता. नजर अधू झाली म्हणून स्टिअरिंग सोडलं आणि लेकीकडे राहायला आले. ट्रक घेताना ते एवढंच म्हणाले होते, "बघा बुवा." या घरात "बघा बुवा" म्हणजे पुढच्या सगळ्या फजितीची आगाऊ सूचना. आता त्यांच्यापुढे जाऊन "मामा, गाडीत खोट आहे" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"अहो, बाबांना एकदा विचारा तरी," बायको संध्याकाळी चहा गाळताना म्हणाली. भाडी ठरवणं, फोन घेणं तिच्याकडे होतं, त्यामुळे ट्रक गेला तर तिचंही काम जाणार होतं. "तुम्ही त्यांच्यासमोर अदबीने गप्प, ते तुमच्यासमोर अदबीने गप्प. दोघांच्या अदबीत माझी भाडी बुडायची."

"विचारतो," जावई म्हणाला आणि न विचारायचं कारण शोधायला अंगणात गेला. मोबाइल केबिनमध्येच राहिलाय, हे त्याला सोयीस्करपणे आठवलं.

शेडमध्ये ट्रकचं बॉनेट उघडं होतं. स्टुलावर सासरे उभे होते. एका हातात फनेल, दुसऱ्या हातात तेलाचा कॅन. खाली तेल उपसायचा हातपंप आणि बाटलीत लाल तेल. इंजिन अजून टिकटिक करत निवत होतं.

काखेत कळसा म्हणतात तो हा.

सासरे आधी दचकले, मग सावरले. "तुमच्याकडून इंजिनात तेल कमी पडतं आणि गिअरमध्ये जास्त होतं, जावईबापू. रोजच. जावयाला चूक कशी दाखवायची? म्हणून तुम्ही चहाला गेलात की मीच सारखं करून ठेवतो."

जावयाला एकदम सगळं कळलं. गाडी बंद केल्याबरोबर मोजलं, तर तेल वर इंजिनात चिकटलेलं असतं, पट्टीवर कमीच दिसणार. आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल इंजिन बंद असताना खाली उतरून साचतं, ते जास्त दिसणार. त्याला इतकं हायसं वाटलं की हसू फुटणार होतं. त्याने ते गिळलं. ज्याने आपल्या जन्माआधीपासून ट्रक चालवले, त्याला पट्टी कशी बघायची हे शिकवायचं? पंप लपवून ठेवला, तर एक शब्दही न बोलता भागलं असतं.

पण न बोलून काय होतं, ते तो महिनाभर बघतच होता.

"मामा, थोडं थांबू या," तो म्हणाला. "आणि मग इंजिनाची पट्टी पुन्हा बघू."

दोघं फूटबोर्डावर बसले. इंजिन निवल्यावर सासऱ्यांनी पट्टी काढली, चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ धरली. तेल खुणेच्या वर चढलं होतं. मग जावयाने गाडी सुरू केली, गिअर ऑइल बघायला लावलं. ते खाली होतं.

सासऱ्यांनी पट्टी सावकाश पुसली. "असले गिअर माझ्या हातात कधी आले नाहीत," ते म्हणाले. "पण इंजिनाचं तेल सकाळी, थंड गाडीत बघायचं, हे मला काय ठाऊक नाही? तीसेक पोरांना मीच शिकवलं ते."

"मग?"

"सकाळी तुम्ही असता तिथे. मध्ये लुडबुड नको वाटली. मला संध्याकाळचीच वेळ मिळायची." त्यांनी पट्टी जागच्या जागी घातली. "गाडीजवळ जायला काही तरी निमित्त लागतं ना माणसाला."

जावयाला ट्रक वाचल्याचा आनंद होता, पण त्याहून जास्त लाज वाटली. हा माणूस महिनाभर आपल्याच घरात चोरासारखा गाडीजवळ येत होता.

"मलाही तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही," तो म्हणाला. "तुम्ही 'बघा बुवा' म्हणाला होतात."

"अहो, मी सगळ्यालाच म्हणतो. लग्न ठरलं तेव्हा तुम्हालाही म्हणालो होतो."

सकाळी जावई शेडमध्ये आला, तेव्हा सासरे बॉनेट न उघडता त्याची वाट बघत उभे होते. दोघांनी मिळून पट्ट्या बघितल्या, एक थंड गाडीत आणि एक चालू गाडीत. रात्री सारखं केलेलं तेल दोन्हीकडे जिथल्या तिथे होतं. इतक्यात विकणाऱ्याचा फोन आला. गाडी परत आणताय की ठेवताय, काय ते ठरवून सांगा म्हणाला.

जावयाने फोन सासऱ्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा, मामा."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "ठेवतोय," ते म्हणाले. "खोट होती, नाही असं नाही. पण ती आमच्या घरातली होती. ती काल आम्ही दोघांनी बसून काढली."