दोनशेच्या वरचा तक्ता

ऑफिसात त्याला सगळे जपमाळे म्हणायचे. आडनाव नव्हे ते. एकतीस वर्षं रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसून तो येणारी-जाणारी माणसं मोजत आला होता, आणि मुठीतल्या यंत्राचं बटण दाबणारा त्याचा अंगठा असा अखंड चालायचा की पाहणाऱ्याला वाटावं, नामस्मरण चाललंय. त्यालाही ते नाव आवडायचं. माणूस गेला की एक दाब. शेट गेला तरी एक, भिकारी गेला तरी एक. देवाच्या दारी आपलीही अशीच मोजणी होणार, असं त्याला मनोमन वाटे, म्हणून एकही दाब त्याने आजवर खोटा दिला नव्हता.

या खेपेची मोजणी मात्र घरचीच निघाली. ज्या सहापदरी रस्त्याचा नवा आराखडा करायचा होता, त्याच्या अल्याड त्याची थोरली बहीण अक्का राहायची, आणि पल्याड, बरोबर समोर, शुश्रूषागृहात तिचा नवरा होता. दोन वर्षांपूर्वी भाऊजींच्या डोक्याने दगा दिला. स्वतःचं नाव गेलं, लेकरं ओळखीबाहेर गेली. राहिला तो फक्त अक्काचा हात. तिने भरवलं तर तोंड उघडायचं, दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. रोज दुपारी बाराला अक्का डबा घेऊन निघायची. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. फूटपाथवरून उतरायची, उजवा हात वर करायची आणि सरळ चालू लागायची.

"अक्का, ट्रक काय तुझा हात बघून थांबतो?"

"हात बघून नाही रे, वय बघून."

"आणि नाही थांबला तर?"

"तर तू बटण एकदा कमी दाबायचं. तेवढेच कष्ट वाचतील तुझे."

त्या वर्षी त्या रस्त्याने तीन माणसं खाल्ली होती. चौथं कोण, या विचाराने जपमाळे रोज बारा वाजले की घड्याळ बघायचा. तिथे पांढरे पट्टे यावेत, सिग्नल यावा, अक्काला ओलांडायला चाळीस सेकंद मिळावेत, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

आराखडा करणारी इंजिनिअर पोरगी मनाने फार चांगली. पण पहिल्या मोजणीचा कागद पाहून तिचा चेहरा उतरला.

"शेहेचाळीस? काका, तासाला दोनशे माणसं ओलांडत असतील तरच सिग्नल मिळतो."

"मॅडम, माणसं ओलांडतच नाहीत, घाबरतात. बस धरून पुढच्या चौकात जातात आणि तिथून उलटी येतात. निम्मी तर जायचंच सोडून देतात."

"मोजणी ओलांडणाऱ्यांची असते, काका. घाबरून घरी बसणाऱ्यांना आपल्या कागदात रकाना नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "बुधवारी परत मोजा. दोनशेच्या वर गेलं, तर पुढचं मी भांडते."

संध्याकाळी त्याने हे अक्काला सांगितलं. तो नुसता सांगायला गेला होता; अक्काने पदर खोचला.

"चोरी नाही ना यात? चालूनच दाखवायचं ना?"

"अक्का, नको. एकतीस वर्षांत मी कधी..."

"तू गप मोज. माणसं मी आणते."

आणि बुधवारी बाराच्या ठोक्याला काय विचारता! अख्खी गल्ली रस्त्यावर उतरली. इस्त्रीवाला आला, शिंपीण आली, क्लासच्या पोरी आल्या. न्हावी अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडून आला, आणि मागोमाग तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही. घोळक्याने पलीकडे जायचं, दम खायचा, घोळक्याने परत यायचं. गाड्यांनी हॉर्न वाजवून आभाळ डोक्यावर घेतलं, पण एवढा जथा पाहून थांबल्या. एक निवृत्त मास्तर छत्री उगारून मध्ये उभे राहिले. "आज पास व्हायचंच!" असं ओरडले, तेव्हा अक्काला हसू आवरेना. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

दोनशे अडतीस. प्रत्येक दाब खरा होता. माणूस गेला, आकडा पडला. तरी कागदावर सही करताना जपमाळेला देवाची नजर चुकवावीशी वाटली.

इंजिनिअर पोरगी तो कागद नाचवतच मीटिंगला गेली. परतली तेव्हा फाईल छातीशी धरून दारातच उभी राहिली.

"काका, मला वाटलं होतं दोनशेच्या वर गेलं की झालं. पण दोनशेच्या वर माणसं, आणि गाड्याही तीन हजारांच्या वर असल्या, की नियमांचा तक्ताच बदलतो. मग सिग्नल नाही देत. माणसं आणि गाड्या वेगळ्या करतात."

"वेगळ्या म्हणजे?"

"मधोमध जाळी. माणसांना वरून पूल."

एकतीस वर्षं त्याने आकडे दिले होते. ते पुढे कुठल्या तक्त्यात जाऊन पडतात, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तडक तो मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, बुधवारची मोजणी धरू नका. ती माणसं मी बोलावली होती. तीच तीच आठ-दहा वेळा गेली."

साहेबांनी चष्मा वर केला. जपमाळेला वाटलं, आता नोकरी जाणार. जाईना का! साहेब मात्र मनमोकळं हसले.

"अहो जपमाळे, तुमच्या एका हाकेवर एवढी माणसं रस्त्यावर येतात, म्हणजे गरज किती आहे बघा! बसा, चहा घ्या." आणि त्याच्यादेखत त्यांनी पुलावर सही केली.

पाच महिन्यांत छातीएवढी लोखंडी जाळी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पूल झाला, अडुसष्ट पायऱ्यांचा. लिफ्टसाठी चौकोनी पोकळी ठेवली होती, तिच्यावर पत्रा ठोकला आणि पाटी लावली: दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्याचा कागद कुठे आहे, हे इंजिनिअर पोरीलाही सापडेना. तिने चार पत्रं लिहिली. मग तिचीच बदली झाली.

पहिल्या दिवशी अक्का डबा घेऊन पुलाशी आली. जपमाळे बरोबर होता. तेविसाव्या पायरीवर ती बसली. गुडघे दोन्ही हातांनी दाबत म्हणाली, "देवानं वर बोलवायला अजून अवकाश आहे, तोवर यांनीच पायऱ्या लावल्यात बघ." हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खाली उतरवायला इस्त्रीवाल्याला हाक मारावी लागली. पुढचा चौकही जाळीत गेला होता; वळसा घालून जायचं तर चार किलोमीटर, आणि बसच्या उंच पायऱ्या तिला झेपत नव्हत्या. दर रविवारी जपमाळे तिला टॅक्सीने न्यायचा. रोज टॅक्सी त्यांच्या घराण्यात कुणी केली नव्हती, आणि करवणारही नव्हती.

ऑफिसात सत्कार झाला. जाळीचं काम सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर एकही माणूस मेला नव्हता. जपमाळेने टाळ्या वाजवल्या, कारण ते खरं होतं.

त्याने रजा टाकली. रोज दुपारी अक्काकडून डबा घेऊन तो अडुसष्ट पायऱ्या चढायचा, उतरायचा आणि भाऊजींच्या खाटेशी बसायचा. चमचा पुढे करायचा. ओठ मिटलेले. "भाऊजी, अक्कानं पाठवलंय." भाऊजी त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहायचे. नर्सने नाकात नळी घालायचा विषय दोनदा काढला होता. "घरचं कुणी नाही का यायला?" ती विचारायची, आणि घरचा म्हणून बसलेला जपमाळे चमचा पुन्हा भरायचा.

परत येताना तो पुलावरूनच पाहायचा. अक्का फूटपाथच्या कडेला, तिच्या रोजच्या जागी उभी असायची, समोरच्या खिडक्यांकडे तोंड करून. मध्ये गाड्या आता न थांबता, अगदी सुरळीत जायच्या.

"जेवले?"

"दोन घास." ते दोन घासही हनुवटीवरूनच पुसले होते.

अक्काने डबा हातात घेतला. वजनावरूनच तिला कळलं. झाकण तिने उघडलं नाही.

"घट्ट झाला असेल भात," ती म्हणाली. "उद्या अजून मऊ करते."