झाकून ठेवलेली शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे आणि रिकामं बसणं मला मुळीच जमत नाही. कारखान्यातून निघाले ती थेट एका शिंपिणीच्या हाती पडले. आईच्या हाताखाली शिवण शिकलेल्या तिच्या मुलीने पुढे मला लग्नानंतर सासरी आणलं. खिडकीजवळ माझी जागा ठरली. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, काय काय शिवलं आम्ही! हिच्या शिवणीला तोड नाही, असं लोक म्हणायचे तेव्हा मीसुद्धा मनातल्या मनात फुगायचे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा परदेशी परतला. तो तिकडे बस चालवतो. बायकोला बोलावून घेण्यासाठी त्याने तिथल्या सरकारकडे अर्ज केला, तिच्या खर्चाची हमी घेतली. आता कधीही बोलावणं येईल, या हिशेबाने तिने नवी कामं घेणं बंद केलं. कुणाचं कापड अर्धवट टाकून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने माझा पट्टा उतरवला, वर जुनी चादर घातली. मी नणंदबाईंकडे जाणार, हेही ठरून गेलं.

पण बोलावणं काही येईना. कधी लग्नाचा पुरावा म्हणून दोघांचे फोटो कमी पडले, कधी अर्ज बघणारा अधिकारी बदलला, तर कधी वैद्यकीय तपासणीची मुदतच संपली आणि ती पुन्हा करावी लागली. नणंदबाई एकदा मला न्यायला टेम्पो घेऊन आल्या आणि चहा पिऊन रिकाम्या टेम्पोतून परत गेल्या. जो तो येता-जाता तारीख विचारायचा. ती दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरायची, फोन उचलून बघायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. नवऱ्याशी बोलणंही अर्जापलीकडे जाईना. तू नीट चौकशीच करत नाहीस, असं ती म्हणायची आणि तो फोन ठेवून द्यायचा. चादरीखाली माझं तेल घट्ट होत चाललं होतं. ही दोघं एकत्र येतील तोवर त्यांच्यात बोलण्यासारखं काही उरणारच नाही, अशी मला भीती वाटायची.

एका दुपारी शेजारची नर्स आली. तिला दिवस गेले होते आणि गणवेश अंगात शिरेना झाला होता.

"अगं, पण उद्याच तारीख आली तर?" हिने नेहमीचं कारण पुढे केलं.

"उद्याचं उद्या बघ. मला आज संध्याकाळी ड्युटीवर जायचंय."

ही माझ्याजवळ आली. मग तिने चादर ओढली, पट्टा चढवला. मी कुरकुरले खरी, पण तेल पोटात जाताच धावू लागले. गणवेशाच्या बाजू उसवून ती शिवत असतानाच फोन वाजला.

"कसला आवाज येतोय?" नवऱ्याने विचारलं.

"मशीनचा. तू बोल, मी ऐकतेय."

बऱ्याच दिवसांनी त्याने अर्जाचं नाव काढलं नाही. बसमधल्या एका आजीबाई शेवटच्या थांब्यापर्यंत गाढ झोपल्या आणि उठल्यावर त्यांनी त्यालाच झापलं, हे त्याने रंगवून सांगितलं. ती खळखळून हसली. शिवण वाकडी गेली. ती तिने उसवून पुन्हा घातली.

तारीख अजून आलेली नाही. ती अजून चिडते, फोनही पुन्हा पुन्हा बघते. पण कामं येतात, आणि ‘मशीनचं मी निघेन तेव्हा बघू,’ असं तिने नणंदबाईंना स्पष्ट सांगून टाकलं आहे. मित्रांनो, कुणी वाट बघत बसलेलं दिसलं तर तारीख विचारू नका. एखादं उसवलेलं कापड घेऊन जा आणि आज संध्याकाळीच हवं म्हणून हट्ट धरा.