बेतायच्या कागदाची हिमफुले

शिंप्याने खिडकीच्या काचेवर चिकटवलेले एक कागदी हिमफूल सोडवून उजेडाकडे धरले. फुलाच्या एका पाकळीवर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि तिच्या कडेला त्याचेच अक्षर: पाठ, डावी बाजू. खालचा आकडा अर्ध्यात कातरला गेला होता.

त्याची पहिली बायको जाऊन चार वर्षे झाली होती. तिचे कपडे नातेवाइकांनी वाटून घेतले; फोटोंत ती कायम कुणाच्या तरी मागे उभी असे. उरले होते ते तिच्या कोटासाठी बेतलेल्या पातळ कागदाचे पाच तुकडे, वरच्या फळीवर गुंडाळून ठेवलेले. कोट शिवून झालाच नव्हता. पण त्या कागदात तिचा किंचित उतरता डावा खांदा जसाच्या तसा होता. हे सारे त्याच्या दुसऱ्या बायकोला आत्ता, त्याच्या तोंडून, चार तुटक वाक्यांत कळत होते.

दुपारी तीच त्याच्या दोघी मुलींना हिमफुले कातरायला शिकवत बसली होती. चौकोनाचा त्रिकोण, त्रिकोणाचे तीन सारखे भाग, मग कातर. धाकटीने कातरीचा असा सपाटा लावला, की पहिले फूल उलगडल्यावर तीच म्हणाली, "हे तर बाबांचं बनियन झालं." थोरली हसली. तिच्यासमोर थोरली हसली, लग्नानंतरच्या दीड वर्षात पहिल्यांदा.

धाकटी तिला पहिल्याच आठवड्यात आई म्हणू लागली होती. धाकटीला पहिली आई आठवतच नव्हती. दहा वर्षांची थोरली मात्र वाक्येच अशी बेतायची, की त्यांत हाकेला जागा उरू नये.

सहा फुले झाली आणि पांढरा कागद संपला. थोरली स्टुलावर चढली, फळीवरून एक गुंडाळी घेऊन आली.

"हा घे, आई."

कागद कशाचा, हे सावत्र आईने विचारले नाही. त्या एका शब्दाच्या लखलखाटात तिला ना रेघा दिसल्या, ना आकडे. हात तेवढे शहाण्यासारखे नेमक्या घड्या घालत राहिले. पाचही तुकडे संपले.

"गुंडाळी कुणी काढली?" शिंप्याने अखेर विचारले.

थोरली बापाकडे पाहत नव्हती. ती सावत्र आईकडे पाहत होती, आपले नाव आता येणारच अशा थंडपणाने.

"मीच काढली," शिंप्याची बायको म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"विचारायचं तरी."

तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने ती फुले एकेक करून उतरवली, कापड बेतायच्या टेबलावर उलगडली, कडेला कड लावून पाहिली. पाठ कशीबशी जुळत आली. खांदा जुळेना. खाली पडलेले कपटे कुठे आहेत, म्हणून तो जमिनीवर शोधू लागला.

"तो बर्फ होता," धाकटी म्हणाली. "मी खिडकीतून पाडला."

शिंपी तिचा हात धरून जिना उतरला. वरून दिसत होते ते दोघे, रस्त्याच्या कडेला वाकून माणसांच्या पायांमधून कपटे वेचणारे. वारा होता.

खोलीत थोरली काचेवरचा डिंक नखाने खरवडत होती.

"कागद कुणाचा, तुला ठाऊक होतं," सावत्र आई म्हणाली.

थोरलीने मान हलवली. होते.

"ते असू दे. तुझ्या बाबांना मी सांगणार नाही." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मला एवढंच सांग. मघाशी मला आई म्हणालीस, ते मनापासून म्हणालीस, की मी कागदाकडे बघू नये म्हणून?"

थोरलीने उघडी पडलेली कातर मिटून टेबलावर ठेवली, उलगडून मांडलेल्या फुलांना धक्का लागणार नाही अशी, आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.