मळलेल्या रंगाचा अजगर

तीन वर्षांनी परदेशातून परतलेल्या ताईने कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं आणि खांद्यावरची बॅग खाली ठेवण्याआधीच विचारलं, "माझा अजगर कुठाय?"

"समोर तर आहे," धाकटा भाऊ म्हणाला.

"हा? हा तर तपकिरी आहे. मी तुझ्याकडे पिवळाधमक पेस्टल रंगाचा अजगर ठेवून गेले होते. खरं सांग, विकलास ना?"

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सापाच्या नुसत्या नावाने शहारणाऱ्या त्याने या बॉल पायथन जातीच्या अजगराला चिमट्याने उंदीर भरवले होते, वीज गेली की पेटीला गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या होत्या.

"अगं, पेस्टल मॉर्फचं, म्हणजे या रंगाच्या वाणाचं, पिल्लूच तेवढं पिवळंजर्द असतं. मोठं झालं की रंग मळतो. नक्षी मात्र मरेपर्यंत तीच राहते. काढ तुझ्या फोनमधला फोटो!"

ताईने फोनमधला जुना फोटो उघडून पेटीशी धरला. मानेजवळचा तुटक्या कडीसारखा डाग हुबेहूब तोच होता. ती ओशाळली. "चुकलंच रे माझं. मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते ऐकलं मी!" त्याने पेटीच्या हीटरची वायर खसकन उपटली. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा याला."

"अरे, चार दिवस तरी राहू दे."

"चोराच्या घरी?"

ती पेटी उचलून जिना उतरू लागली. तो कठड्यावरून वाकून ओरडला, "सरळ धर! कात टाकायला आलाय तो!" आणि त्याने धाडकन दार लावून घेतलं.