पाठकोऱ्या कागदावरची यादी

मी एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. आता टेबलाखाली धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही, पण ऐका.

२००१ साली मी दौंडच्या एका संस्थेत आलो. कुरकुंभच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगारांचे आजार ही संस्था संगणकात नोंदवी. मी कर्रकर्र करत छापू लागलो की सगळ्यांना बोलणे थांबवावे लागे. त्याचा मला भारी तोरा होता.

तिथले नियम रश्मीताईंच्या हाती होते. कामगाराच्या नावाऐवजी नंबर वापरायचा आणि नावांची यादी छापलीच, तर काम होताच फाडायची, हे त्यांनीच ठरवले होते. बाई मोठ्या करड्या!

एकदा मच्छिंद्र नावाचा कामगार आला. त्याला खोकताना रक्त पडत होते.

"ताई, नाव भायेर जानार न्हाई ना? ठेकेदाराला कळलं तर गेटच्या आत घ्यायचा न्हाई."

"माझ्यावर सोडा," ताई म्हणाल्या. त्याने नाव सांगितले.

संस्थेत कागद वाया घालवत नसत. पाठकोरे कागद उलटे करून पुन्हा माझ्यात लावत. ही काटकसरही ताईंचीच. आरोग्य शिबिराची पत्रके छापताना त्यांनी असाच एक गठ्ठा मला लावला. मच्छिंद्रचे नाव असलेली, फाडायची राहिलेली यादी त्यातच होती. मी आपला जोरात छापत सुटलो. पत्रके कारखान्याच्या गेटवर वाटली गेली आणि ठेकेदाराने हातातले पत्रक उलटून पाहिले.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रला गेटवरूनच हाकलले. रांजणगावच्या कारखान्यांतही त्याला कुणी उभे केले नाही. वर्षभरात तो गेला.

ताईंनी आपली चूक लपवली नाही. मच्छिंद्रची बायको शेवंताबाई संस्थेत आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, आपण सरकारकडे तक्रार करू. त्यांच्या आजाराची नोंद हाच पुरावा आहे."

"नाव दिलं म्हनून तर काम गेलं त्यांचं. आता आमच्या पोरांनाबी कामावर घ्यायचे न्हाईत. पुसा ते नाव."

घरच्यांनी सांगितले, तर नोंद पुसायची, हाही ताईंचाच नियम. त्यांनी नोंद पुसली. तक्रार झालीच नाही. पुढे एक कामगार आला, पण नाव विचारताच खोकत खोकत जिना उतरून गेला. त्या दिवशी मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण कुणी भरवशाने नाव सांगितले, तर ते जिवापाड सांभाळा. मच्छिंद्र आणि शेवंताबाई ही नावे मी बदलून सांगितली आहेत. खरी नावे मला पाठ आहेत, पण ती मी पुन्हा कुणाला सांगणार नाही.