टाकाऊच्या बादलीतली पुंगळी

मी एक पितळी पुंगळी बोलतेय. काडतुसातली गोळी उडून गेली, दारू जळून गेली, की मागे जे उरतं ते मी. शिकारीच्या गप्पांत नेमबाजाचं कौतुक होतं, हरिणाच्या शिंगांचं होतं, अगदी वाऱ्याचंसुद्धा होतं. पुंगळीचं नाव मात्र कोणी काढत नाही.

त्यात मी बिघडलेली. माझ्या तळाशी ३०८ हा आकडा ठोकलेला आहे, पण अंग पाहाल तर ते त्या आकड्याचं नाही. चांगल्या पुंगळीला खांदे असतात, वर निमुळती मान असते. मला मानच नाही. मी वरपर्यंत सरळसोट फुगलेली आहे आणि तोंडाशी चिरलेली. जाणत्याने एकदा हातात घेतलं की माझी सगळी कहाणी त्याला कळते. अडचण एवढीच की अकरा वर्षं मला कोणी जाणत्याच्या हातात जाऊच दिलं नाही.

माझं घर कीविनॉमध्ये, सुपीरियर सरोवरात घुसलेल्या त्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर. इथल्या लोकांचे आजे फिनलंडहून तांब्याच्या खाणीत काम करायला आले. खाणी बंद पडल्या, लोक राहिले. ही माणसं बोलण्यात महाकंजूष. सॉनाच्या तापलेल्या खोलीत दोघं तासभर घाम गाळतील आणि बाहेर येताना एक म्हणेल, ‘गरम होतं’, की झाल्या गप्पा.

रेनो मात्तिलाने आमचा वीस जणींचा खोका आणला तो मुलीसाठी. तिची रायफल आखूड काडतुसाची, म्हणजे ३०८ची. रेनोची स्वतःची जुनी रायफल लांब काडतुसाची. गोळीची जाडी दोघींची सारखीच, म्हणून तर घोटाळा होतो. मुलगी दोन हंगाम शिकार खेळली, लग्न करून डलूथला गेली आणि अर्धा खोका जंगलातल्या झोपडीच्या फळीवर तसाच राहिला. त्यात मी होते.

रेनोला लागणारी काडतुसं त्याचा मित्र आर्वो लाहती भरून द्यायचा. रिकाम्या पुंगळ्या धुवायच्या, दाबून आकारात आणायच्या, तळाला ठिणगीची नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. निम्मं गाव कॉफीच्या डब्यांत आपापल्या पुंगळ्या घेऊन आर्वोकडे यायचं. घरात काडतुसं भरणारा माणूस म्हणजे एका परीने औषध देणारा माणूस. त्याचा हात चुकणार नाही असा भरवसा लागतो.

हंगामाच्या पहिल्या सकाळी, नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, झोपडीत आर्वोसकट सहा जण होते. सगळ्यांना निघायची घाई. आर्वोने दिलेली दहा काडतुसं रेनोने फळीवर ठेवली होती, माझ्या खोक्याशेजारी. त्याने हातमोजा न काढताच मूठ भरली आणि खिशात टाकली. त्या मुठीत मी एकटी आखूड होते. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं, पण पितळाला आवाज फुटतो तो एकदाच, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

लांब जागेत आखूड काडतूस उडालं. मला धरायला पुढे भिंतच नव्हती. मी फुगले, चिरले, आणि जळता धूर मागे रेनोच्या तोंडावर गेला. तो उजवा डोळा दाबून बर्फात बसला आणि धावत आलेल्या आर्वोवर सगळ्यांसमोर ओरडला, “काय भरलंयस यात? मारायचंय का मला?”

आर्वो पांढराफटक पडला. “मोजून भरलं होतं रे,” एवढंच म्हणाला, आणि मग हळूच, स्वतःशीच, “की दोनदा पडली दारू?”

डोळा वाचला, पण त्यातली नजर निम्मीच राहिली. चार दिवसांनी इस्पितळातून परत आल्यावर रेनोने गोठ्यामागच्या शेडमध्ये रायफलचा मागचा अडकलेला बोल्ट ठोकून उघडला. मी बाहेर पडले. त्याने मला फिरवून तळ पाहिला, आकडा वाचला आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून पुन्हा वाचला.

त्याच दिवशी तो आर्वोकडे गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तोवर आर्वोचं नाव गावभर झालं होतं. दुकानदार वेर्नर काउंटरवरून सांगत होता, “आर्वोच्या काडतुसापेक्षा हातात फटाका धरलेला बरा.” रेनोने ठरवलं, उद्या जाऊ. उद्याचा परवा झाला. माणसांचं मी हे पाहिलंय, खरं सांगायला जितका उशीर करावा तितकं ते जड होत जातं, आणि ही माणसं जड झालं म्हणून आणखी उशीर करतात.

त्याने मला शर्टाच्या खिशात घातलं आणि तो शर्ट तसाच धुण्यात गेला.

लेम्पी, रेनोची बायको, शिकाऱ्याची लेक. खिसे तपासताना मी तिच्या हाताला लागले. तिनेही तळ पाहिला, चिरलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. शर्ट धुऊन, इस्त्री करून तिने घडी घातली आणि मला पुन्हा त्याच खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी रेनोने शर्ट घातला, खिसा चाचपला आणि तिच्याकडे पाहिलं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती. दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. मग दोघं बटाट्याचं सूप प्यायली.

पुढे मी तपकिरीच्या डबीत, डबी शेडच्या माळ्यावर. आर्वोकडे डबे येणं थांबलं. त्याने भरायचं यंत्र विकून टाकलं. तो भांडला नाही, कारण त्याला स्वतःलाच खात्री वाटत होती की मित्राचा डोळा आपल्या हाताने अधू झाला. रेनो दुकानातली काडतुसं आणू लागला, आणि रिकाम्या पुंगळ्या मात्र सवयीने डब्यांत साठवत राहिला. भरून घ्यायला कोणी नाही आणि टाकवत नाही.

या मार्चमध्ये रेनो गेला. शेडमध्ये पुंगळ्यांचे चार डबे निघाले, उचलता उचलत नाहीत असे. आता भरायला कोणी नाही, तर या पितळाचं करायचं काय, यावर लेम्पीला सगळ्यांनी सल्ले दिले. पाद्र्याची बायको म्हणाली, दारात टांगायला किणकिणणाऱ्या माळा कर. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, भंगारात दे आणि मोकळी हो.” भंगारवाला म्हणाला, पितळ घेतो, पण एकही जिवंत काडतूस आत निघालं तर बादली दारातूनच परत.

म्हणजे एकेक पुंगळी तपासायला हवी. आणि ते ज्याला येतं असा माणूस गावात एकच.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी लेम्पीने आर्वोला बोलावलं. तो यायच्या आधी तिने तपकिरीची डबी उघडली, मला दुसऱ्या डब्यात मधोमध खोचलं आणि वरून मूठभर पुंगळ्या पसरल्या. तेव्हा मला कळलं, हिला सांगायचंय, पण तोंडाने नाही.

आर्वो आला. टोपी काढली, डब्यांकडे पाहिलं. “रेनो काहीच टाकायचा नाही. त्याची पहिली दाढीसुद्धा निघेल एखाद्या डब्यात.”

“निघाली तर तुला देईन, तुझ्या टकलावर लाव,” लेम्पी म्हणाली, आणि दोघंही जरा सैल झाली.

त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा चढवला. “हे बघ, तळाच्या टोपीवर खड्डा असेल आणि तोंड रिकामं असेल, तर उडालेली. गोळी तशीच बसलेली असेल तर जिवंत, खड्डा असो वा नसो. ती या वाटीत. वाटी शेरीफच्या कचेरीत द्यायची, कचऱ्यात नाही. चुंबकाला चिकटेल ते लोखंड. चांगल्या पुंगळ्या तिकडे कॅल्युमेट गावात एक जण अजून भरतो, त्याला देऊन टाक. दुवा देईल. चेपलेल्या, चिरलेल्या या टाकाऊच्या बादलीत.”

त्याची बोटं काहीच विसरली नव्हती. एक डबा संपला. दुसऱ्यात तो अर्ध्यावर आला आणि मी त्याच्या हातात गेले.

तो थांबला. मला उजेडात धरलं. तळ, अंग, चीर, पुन्हा तळ. त्याचा श्वास मला लागत होता. अकरा वर्षं जो माणूस स्वतःला अपराधी समजून जगला, त्याला एका क्षणात कळलं की त्याचा हात चुकलाच नव्हता. आता बोलेल, मला वाटलं. आता टेबलावर मूठ आपटेल.

त्याने समोर बसलेल्या लेम्पीच्या काळ्या स्वेटरकडे पाहिलं. “टाकाऊ,” म्हणाला, आणि मला बादलीत टाकलं.

मी ठण्णकन पडले. इतका मोठेपणा मी माणसात पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्याचा रागही आला.

लेम्पी उठली. बादलीत हात घालून तिने मला शोधून काढलं आणि त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी उभं केलं. “नीट बघ, आर्वो.”

“बघितलं.”

“मग बोल ना.”

“काय बोलू? तो गेला बिचारा. तुला कशाला त्रास?”

“मला माहीत होतं,” लेम्पी म्हणाली. “आज नाही. त्याच आठवड्यापासून.”

आर्वोने चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला.

“दर नाताळला तू मला पाव पाठवायचीस,” आर्वो म्हणाला. “वेलचीचा.”

“हो.”

“मी तो फ्रीजरमध्ये ठेवायचो. तुकडा तुकडा करून ईस्टरपर्यंत पुरवायचो. म्हणायचो, गावात एक घर तरी आहे, जे मला दोषी समजत नाही.”

लेम्पीने तोंड झाकून घेतलं. आर्वोने टोपी उचलली आणि कॉफी न पिता निघून गेला. उरलेले अडीच डबे तिने एकटीने निवडले, त्याने दाखवलं होतं अगदी तसे.

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी पंचायतीच्या सभागृहात शिकाऱ्यांचं जेवण असतं. पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या असतात, आणि एकमेकांच्या हुकलेल्या नेमांची टिंगल. आर्वो अकरा वर्षं तिथे फिरकला नव्हता, याही वर्षी नाही. लेम्पी जन्मात कधी सभेत बोललेली नाही, ती त्या दिवशी उभी राहिली. “आर्वोच्या नावावर जे खपवलं गेलं, ते या पुंगळीने केलं. चूक रेनोची. ती लपवली आम्ही दोघांनी. घ्या, हातोहात फिरवा.”

मी पन्नास हातांतून फिरले. प्रत्येकाने मला उलटं करून तळ पाहिला. “अरे देवा, आखूड!” कोणीतरी म्हणालं. दुसरं काही सांगावं लागलं नाही. वेर्नरकडे आले तेव्हा त्याने मला पाहिलं आणि मग खूप वेळ ताटातल्या पॅस्टीकडे पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी तोच मला आर्वोकडे घेऊन गेला, सोबत स्वतःच्या पुंगळ्यांचा एक डबा. “भरून देशील?”

“यंत्र विकलं. हातही आता कापतात.”

“मग नको भरूस. डबा इथे राहू दे,” वेर्नर म्हणाला. डबा अजून तिथेच आहे, दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

आणि मी आर्वोच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे. मला पुन्हा भरता येत नाही, कोणी भरूही नये. तुमच्या घरात अशा पुंगळ्या साठल्या असतील तर खुशाल भंगारात द्या, भरणाऱ्याला द्या, माळा करा. फक्त आधी एकेक हातात घेऊन तळ वाचा. आणि एखादी माझ्यासारखी निघाली, तर ती खिशात परत ठेवू नका. ज्याची आहे त्याच्याकडे त्याच दिवशी जा.

नाताळच्या आदल्या दिवशी दार वाजलं. या वर्षी पाव कोणाच्या हाती पाठवलेला नव्हता. लेम्पी स्वतः उभी होती, खांद्यावर बर्फ, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. आर्वोने दार अर्धंच उघडलं.

“हा कशाचा?”

“लोणी, वेलची...”

“ते नाही विचारलं. आधीचे पाव गप्प बसल्याचे होते.”

लेम्पीने मान वर केली. खिडकीतून मी तिला दिसले असावे. “हा नुसता पाव आहे, आर्वो.”

त्याने पाव हातात घेतला. मग दार पूर्ण उघडलं.

“ये आत. त्या दिवशीची कॉफी राहिलीय.”