गोळ्यांचा थर

एवढीशी गोळी. पांढरी, मधोमध बारीक चीर, तळहाताच्या रेषेत अडकून बसेल इतकी लहान… आणि डॉक्टर, तुम्ही ही लिहून दिलीत, मग वाढवून दिलीत, पुन्हा वाढवून दिलीत, पण ही मी गिळते केव्हा, कशी, कशाबरोबर, एवढं विचारायला तुमची जीभ उचलली नाही. रिपोर्ट बघून भुवया वर केल्यात आणि म्हणालात, "गोळ्या टाळता तुम्ही. खोटं बोलून फायदा नाही, रक्तात सगळं दिसतं." एक दिवस चुकवला नव्हता मी. एक दिवस! खुर्चीतून उठताना मला दोन्ही हात टेकावे लागले, तेही तुम्ही पाहिलंत, आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत.

तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली. नुसतं पाणी. समोरच्या इमारतीत कुणीतरी गादी झटकत होतं, धप्… धप्… आणि तिला त्या आवाजाचंसुद्धा बरं वाटलं. हल्ली तिला कशाचंही बरं वाटायचं. नळाचं पाणी गार लागतं याचं – कारण मधल्या काळात सगळंच गार लागायचं, उन्हात बसलं तरी बोटं गारच, मग पाण्याचा गारवा वेगळा कळणार कुठून? जिना चढताना धाप लागते पण वर पोचल्यावर थांबते, याचं. सकाळी जाग येते तेव्हा अंगावर कुणी बसल्यागत जड वाटत नाही, याचं…

नवरा स्वयंपाकघरात चहा पीत होता. मुद्दाम, मोठमोठे भुरके मारत.

"आहाहा! काय झालाय आज चहा!"

"पी, पी. भाजेल जीभ."

"तुला तासभर नुसता वास. घे, वासाला नव्या डॉक्टरीणबाईंची ना नाही."

"उद्या तुझा कपच लपवते, थांब."

असं भांडायला किती छान वाटतं! गेल्या वर्षी तो हेच बोलला असता तर ती हसली नसती आणि चिडलीही नसती. "हं" म्हणाली असती. सगळ्यालाच ती "हं" म्हणायची. भाजीत मीठ जास्त झालंय – हं. बहिणीचा फोन येऊन गेला – हं. नवरा एकदा दिवा न लावता तिच्याशेजारी नुसता बसून राहिला होता, मग हळूच म्हणाला होता, "तू आहेस ना गं इथं?" त्यालाही… हं.

आणि कारण काय, तर थर.

शिलाईच्या कारखान्यात ती कापायच्या टेबलावर होती. तिथं एकेक तुकडा वेगळा कापत बसणाऱ्याला मास्तर उभं करत नाहीत. कापड उलगडायचं, एकावर एक थर लावायचे, काठाला काठ जुळवायचा, वर कागदी पॅटर्न, त्याच्यावर वजनं आणि मग एकदाच कापायचं मशीन फिरवायचं. एका फिरकीत सगळ्या बाह्या. हातांना ही सवय इतकी भिनलेली, की घरीही तिचं तसंच. चादरी एकदम, भांडी एकदम, भांडणंही साठवून एकदम. मग गोळ्याच कशाला सुट्या सुट्या घ्यायच्या? खाली कॅल्शियमची जाडजूड, खडूच्या तुकड्यासारखी. तिच्यावर लोहाची, विटकरी. शेंड्यावर ही थायरॉईडची टिकली. रचायचा थर आणि दुधाच्या चहाबरोबर एका घोटात खलास! दिवसाचं एक काम उरकलं म्हणून ती खूशसुद्धा व्हायची.

औषधच औषधाला पोटात अडवत होतं, हे तिला कोण सांगणार? पुढं एक दिवस कोटाच्या पाठीचे तुकडे कापताना, उभ्या उभ्या, डोळा लागला. क्षणभरच. मशीनचं पातं पॅटर्न सोडून आत शिरलं आणि सगळा थर गेला. मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "ताई, काही दिवस बटणांवर बसा," एवढंच म्हणाले. आणि ती बसली, बटणांची काजं करणाऱ्या काजेवालीच्या शेजारच्या स्टुलावर – अपमान झालाय हे तिला कळलं होतं, पण अपमान वाटून घ्यायला जी ताकद लागते, ती नव्हती.

काजेवालीनंच तिला दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई सर्दीनं बेजार, नाक लाल, हातात रुमाल. म्हणाली, "कशा घेता गोळ्या? दाखवा बरं करून." हिनं रिकाम्या तळहातावर हवेतच थर लावून दाखवला, तोंडात टाकला, वर हवेचाच चहा. डॉक्टरीण शिंकायची थांबली आणि फस्सकन हसली.

"अहो ताई, त्या धाकटीला तुम्ही थोरल्या दोघींच्या खाली चिरडताय! तिला एकटीला जाऊ द्या. उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा तासाभरानं. लोहाची दुपारी, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. आणि रक्त पुन्हा तपासू, नुसतं थायरॉईडचं नाही."

लोह कमी निघालं, बी-बारा कमी, डी कमी. "अर्धी बाराखडीच कमी आहे की हिची!" काजेवाली म्हणाली. इंजेक्शनं झाली, ताटात अंडी आली, पालेभाजी आली. लगेच काही झालं नाही. आठवडे गेले, काही नाही. मग एका सकाळी मोजे न घालता ती घरभर हिंडत होती, आणि पाय गार नाहीत हे आधी नवऱ्याच्या लक्षात आलं.

आज कारखान्यात शिरताच तिला टेबलावर गठ्ठा दिसला. निळ्यावर बारीक पांढरे पट्टे. वाद्यवृंदाचे कोट शिवायचे होते. पट्ट्याचं कापड म्हणजे थर केसभर सरकला तरी शिवल्यावर माणूस वाकडा दिसतो.

"कोण कापणार हे?" तिनं विचारलं.

"कोण म्हणजे?" मास्तर चष्मा पुसत राहिले. "मला हल्ली त्यात एकच पट्टा दिसतो, मोठा. तुम्ही कापा. पण ताई, जास्तीचं कापड नाहीये. हे गेलं तर मग बटणंच. कायमची."

"बरं."

"झोप नाही ना लागायची?"

"लागली तर पाणी मारा तोंडावर."

"पाणी नाही, कापड भिजेल," काजेवाली मागून म्हणाली. "मी सुईच टोचते की!"

थर लावता लावता दुपार झाली. पट्ट्यावर पट्टा, काठाला चिमटे. मग तिनं लिंबूपाण्याबरोबर विटकरी गोळी घेतली, तोंड वाकडं केलं आणि कापडाच्या गुंडाळीवर पाय टाकून पडली. आता तिला माहीत होतं… दुपारी अंगात एक ओहोटी येते, अजूनही येते, कदाचित नेहमीच येईल, पण ती येण्याआधीच आपण आडवं व्हायचं असतं. पूर्वी ती ओहोटीशी झुंजायची आणि त्याला कष्ट म्हणायची.

"राणीसरकारांची विश्रांती झाली का?" काजेवालीनं विचारलं.

"झाली. दासी, मशीन सुरू कर."

मशीन गुरगुरलं. पात्यापुढं पट्टे उभे, लांबच लांब, सरळ. भीती होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्याखालून आणखी काहीतरी वर येत होतं, गरम, थेट कानांपर्यंत… हा राग होता. केवढा राग! खोटारडी म्हणालात तुम्ही मला, आणि मी मान हलवली, "हं" म्हटलं, तुमचे आभार मानून बाहेर पडले. इतके दिवस हा राग होता कुठं? आणि तिला उमगलं, की राग यायलासुद्धा अंगात रक्त लागतं. रक्त भरलं, आणि तो आला – घरातलं माणूस प्रवासातून परत यावं तसा, घामेजलेला, भुकेला, आपला. ती हसायलाच लागली.

"काय झालं गं?" काजेवाली घाबरून उठली.

"काही नाही. राग आलाय मला."

"मग हसतेस काय बये!"

सांगणार तरी काय? तिनं मशीन धरलं. हात ऊबदार होते. पातं पहिल्या पट्ट्याला लागलं, शिरलं… सरळ जाईल, न जाईल, ते पुढचं पुढं.

पण डॉक्टर, आत्ता, या घटकेला, तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर माझ्यासारखीच जी कुणी बसली आहे – स्वेटर घातलेली, भिंतीला डोकं टेकून, तुम्ही जे म्हणाल त्याला "हं" म्हणायच्या तयारीत – तिला आत बोलावल्यावर तुम्ही काय विचारणार आहात?

बोला. सावकाश बोला. मी उभी आहे.